स्वतःच्या कामाचं जिग स्वतःच बनवावं

फेब्रुवारी २०२४ मध्ये दुबईतल्या एका परिषदेत एआयसाठीच्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी सांगितलं, की कुणालाच प्रोग्रामिंग करावं लागू नये असं तंत्रज्ञान बनवणं हे आमचं काम आहे. माणूस बोलतो तीच कॉम्प्युटरची भाषा व्हावी, असा त्यांचा रोख होता. पुढच्याच वर्षी आंद्रे कार्पथी या एआयमधल्या नामवंत संशोधकांनी ‘व्हाइब कोडिंग’ हा शब्द रूढ केला. कोडकडे फारसं न बघता, हवं ते एआयला सांगत सांगत प्रोग्राम तयार करून घ्यायचा, असा त्याचा अर्थ. कॉलिन्स शब्दकोशानं २०२५ सालचा शब्द म्हणून त्याचीच निवड केली. आता सांगलीच्या विश्रामबागेतल्या क्लासच्या फीचा बोर्ड वाचणाऱ्या आईबापांना प्रश्न पडणारच, की पोराला पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवायची की ते पैसे वाचवायचे?

पोराच्या नोकरीचं काय होईल, हा विषय मी इथं घेत नाही. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मला बोलायचंय ते ज्यांना प्रोग्रामर व्हायचंच नाही त्यांच्याशी. मार्केट यार्डातल्या अडत दुकानात पट्ट्या (शेतकऱ्याच्या विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या) करणारे दिवाणजी, दर दहा दिवसांनी दूधबिलं काढणारे संस्थेचे सचिव, एकच माहिती चार पोर्टलवर चार वेळा भरणारे गुरुजी, कारखान्यात डिस्पॅचचं रजिस्टर सांभाळणाऱ्या ताई. यांच्या कामातला मोठा भाग रोज तोच तो असतो आणि तो कॉम्प्युटरकडून करून घेता येतो. त्यासाठी लागणारा कोड स्वतः लिहिता येणं, निदान वाचता येणं, हे आज पूर्वीपेक्षा जास्त कामाचं झालंय असं माझं मत आहे. एआय आल्यावरसुद्धा. खरं तर एआय आल्यामुळेच.

## जिग आणि स्क्रिप्ट

कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या वर्कशॉपात एका प्लेटला चार भोकं पाडायची असली, तर कारागीर माप घेतो, खुणा करतो, पंच मारतो आणि ड्रिल चालवतो. तशाच पाचशे प्लेटा आल्या तर तो आधी जिग बनवतो. प्लेट घट्ट बसेल अशी चौकट, आणि ड्रिल नेमकं जागेवर उतरावं म्हणून तिच्यात बसवलेले बुश. त्यात अर्धा दिवस जातो. पण पुढं माप घ्यायचं कारण उरत नाही. प्लेट घाला, भोकं पाडा, काढा. असं जिग दुकानात तयार मिळत नाही, कारण ती प्लेट त्या वर्कशॉपाचीच असते. आणि जिगच चुकलं असेल, तर पाचशेच्या पाचशे प्लेटा एकाच चुकीनं भंगारात जातात.

कॉम्प्युटरवरच्या कामाचं असं जिग म्हणजे स्क्रिप्ट. आपण जे काम हातानं, पायरीपायरीनं करतो, त्याच्या सूचना कॉम्प्युटरला समजतील अशा भाषेत एका फाइलमध्ये लिहून ठेवायच्या. दहा ओळींची असली तरी ती स्क्रिप्टच. ती चालवली की त्या पायऱ्या त्याच क्रमानं, न कंटाळता पार पडतात. अशा रीतीनं काम आपोआप करून घेण्याला ऑटोमेशन म्हणतात. रोबो, मोठे सर्व्हर वगैरे यातलं काहीही इथं अभिप्रेत नाही. दुकानातला जुना कॉम्प्युटर पुरतो.

एक्सेलमधल्या बेरजेचा फॉर्म्युला ज्यांनी लिहिलाय, त्यांनी या गावात पाऊल टाकलेलंच आहे. फॉर्म्युला एका खान्यापुरता असतो. स्क्रिप्ट फाइल उघडते, दुसऱ्या फाइलीशी ताडून बघते, चाळीस पट्ट्यांच्या चाळीस पीडीएफ काढते आणि ज्याची त्याच्या नावानं ठेवून देते.

## एक पट्टी उघडून बघू

हळदीचा सौदा झाला. समजा एका शेतकऱ्याची १२ पोती, काट्यावरचं वजन ६१२ किलो ४०० ग्रॅम, दर क्विंटलला १४,००० रुपये. (आकडे समजुतीपुरते आहेत, त्यावरून कुणी माल रोखून धरू नका.) बारदान, म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन, पोत्यामागं ६०० ग्रॅम धरलं तर ७ किलो २०० ग्रॅम वजा, म्हणजे निव्वळ ६०५ किलो २०० ग्रॅम. त्याचे ८४,७२८ रुपये. त्यातून हमाली पोत्याला १२ रुपयांनी १४४ आणि तोलाई ५ रुपयांनी ६० वजा. शेतकऱ्याच्या हाती ८४,५२४.

दिवाणजी हे झोपेतसुद्धा करतील. आता हेच स्क्रिप्टला सांगायचंय. काट्याच्या फाइलमधली एक ओळ घे. पोत्यांच्या संख्येला बारदानानं गुण आणि ते वजनातून वजा कर. उरलेल्याला शंभरानं भाग, दरानं गुण. हमाली वजा कर, तोलाई वजा कर. आलेला आकडा पट्टीच्या साच्यात टाक. पुढची ओळ घे. ओळी संपल्या की थांब.

इथपर्यंत सरळ आहे. गंमत पुढं सुरू होते, कारण कॉम्प्युटर अंदाजानं घेत नाही. ते वरचे २०० ग्रॅम धरायचे की सोडायचे? सोडले तर वजन ६०५ किलो आणि रक्कम ८४,७००. फरक २८ रुपयांचा. दिवसाला चाळीस पट्ट्या असतील आणि प्रत्येकीत साधारण एवढाच फरक असेल, तर रोजचे अकराशे रुपये होतात, आणि ते कुणाच्या तरी खिशातून जातात. दुकानात विचारा. मालक म्हणतील, अर्ध्या किलोच्या वर असेल तर धरतो. थोरले दिवाणजी म्हणतील, ग्रॅम धरायचे नाहीत हीच रीत आहे. धाकटे दिवाणजी काट्यावर दिसतं तसंच लिहीत असतील. तिघंही वर्षानुवर्षं एकाच टेबलावर बसतात आणि हे एकमेकांना कधी विचारायची वेळच आलेली नसते.

मग पुढचे प्रश्न येतात. हळकुंडाचा दर वेगळा आणि कणीचा वेगळा लागला, तर एकच पट्टी करायची की दोन? पोतं फाटलं म्हणून माल दुसऱ्या बारदानात भरला, तर वजा कुठलं बारदान करायचं? शेतकऱ्यानं आधी उचल घेतलीय, ती याच पट्टीतून कापायची की खात्यावर ठेवायची? आणि एकाच गावातून, एकाच दिवशी, एकाच नावाचे दोन पाटील आले तर? सांगली जिल्ह्यात राहून हा शेवटचा प्रश्न काल्पनिक वाटणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

स्वतः स्क्रिप्ट लिहिण्याचा पहिला फायदा मला इथं दिसतो, आणि वेळ वाचण्यापेक्षा तो मोठा आहे. जे नियम कुणाच्या तरी डोक्यात होते ते लिहून निघतात. शेतकऱ्यानं विचारलं, “माझे २०० ग्रॅम गेले कुठं?” तर दाखवायला एक ओळ असते. नवा पोरगा कामावर लागला तर त्याला शिकवायला काहीतरी असतं. आणि नियम बदलला तर एकाच ठिकाणी बदलावा लागतो. दुसऱ्या कुणाकडून प्रोग्राम करून घेतला, तर हे प्रश्न तो माणूस आपल्या मनानं सोडवून टाकतो, आणि कसे सोडवले हे आपल्याला घोटाळा झाल्यावर कळतं.

## वेळ वाचतो म्हणजे नेमका किती?

रोजचं चाळीस मिनिटांचं काम पाच मिनिटांवर आलं, तर रोज पस्तीस मिनिटं सुटली. वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तर १७५ तास होतात. आठ तासांचा दिवस धरला तर जवळजवळ बावीस दिवस. स्क्रिप्ट लिहायला, शिकण्यासकट, साठ तास गेले तरी पहिल्याच वर्षी फायदा.

उलट जे काम महिन्यातून एकदा, पाच मिनिटांत होतं त्याचं वर्षाचं ओझं एक तास. त्यासाठी दोन रविवार घालवणं म्हणजे हौस. हौसेला माझी ना नाही, पण तिला बचत म्हणू नये. या वेडात पडलेली माणसं सगळ्यात आधी इथंच फसतात. एकदा हातात हे आलं की दिसेल त्याचं ऑटोमेशन करावंसं वाटतं.

मिनिटांच्या या हिशेबाला एक अपवाद आहे. काम क्वचितच येतं, पण त्यात चूक झाली तर महागात पडतं, अशा ठिकाणी वेळ वाचला नाही तरी स्क्रिप्ट फायद्याची. दूध संस्थेचा दरतक्ता बदलला, की फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) यांच्या प्रत्येक जोडीला नवा दर लावायचा असतो. हातानं शंभर खाने भरताना एक चुकला तर दहा दिवसांची बिलं चुकतात, आणि मग संस्थेच्या दारात जे होतं ते सचिवांनाच ठाऊक.

## दिसतं तसं नसतं

कॉम्प्युटरवर आकडा दिसतो म्हणजे तो कॉम्प्युटरच्या लेखी आकडाच असतो, असं नाही. कोड शिकताना हे लवकर कळतं, आणि त्यानंतर माणूस एक्सेलकडेही वेगळ्या नजरेनं बघायला लागतो.

कुणीतरी मराठी कीबोर्डवरून एका खान्यात ‘१२५’ लिहिलं. एक्सेल सहसा त्याला आकडा न मानता अक्षरं मानतं. बेरजेचा फॉर्म्युला अक्षरं असलेले खाने काही न बोलता सोडून देतो. एकूण रक्कम १२५ नं कमी येते, लाल खूण नाही की सूचना नाही. पायथॉन या भाषेत मात्र आकड्यात रूपांतर करण्याची जी सोय आहे, तिला देवनागरी अंक समजतात. ‘१२५’ दिलं तर ती एकशेपंचवीसच घेते. नेदरलँड्समध्ये ग्विडो व्हान रॉसम यांनी केलेली ही भाषा १९९१ मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आली, आणि आज नवशिक्यांना बहुतेक ठिकाणी तीच शिकवली जाते.

तारखांचं दुखणं याहून जुनं आहे. ०३/०४ म्हणजे आपल्याकडं तीन एप्रिल, पण कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकी असेल तर चार मार्च. आर्थिक वर्ष बदलण्याच्या हंगामात ही एक तारीख पट्टी चक्क आदल्या वर्षात ढकलते. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही हे चुकलेलं नाही. माणसाच्या काही जनुकांची संक्षिप्त नावं मार्च किंवा सप्टेंबर महिन्यासारखी दिसायची. एक्सेल त्यांची तारीख करून टाकायचं आणि संशोधनाचे तक्ते बिघडायचे. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीनं जनुकांचीच नावं बदलल्याचं जाहीर केलं. सॉफ्टवेअर बदलण्यापेक्षा ते सोपं पडलं!

आपल्याकडचा खास त्रास म्हणजे नावं. ‘शिंदे’ कुणी अनुस्वारानं लिहितं, कुणी ‘शिन्दे’. नावाच्या शेवटी चुकून एक स्पेस पडली तर डोळ्याला दिसत नाही, पण कॉम्प्युटरच्या दृष्टीनं तो दुसरा माणूस. जुन्या फाइली श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या, युनिकोड ही सगळ्या लिप्यांची सामाईक पद्धत रुळण्याआधीच्या फॉन्टमध्ये असतील तर बघायलाच नको. पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट काढला की खिचडी. त्या आधी युनिकोडमध्ये आणाव्या लागतात. म्हणून दोन याद्या ताडताना नावावर भरवसा ठेवायचा नाही. खाते क्रमांक किंवा सभासद क्रमांक धरायचा. हा नियम कुणी शिकवत नाही, पहिल्या घोटाळ्यानंतर आपोआप पाठ होतो.

आणि एक चमत्कार. पायथॉनला ०.१ आणि ०.२ ची बेरीज विचारली तर उत्तर ०.३०००००००००००००००४ असं येतं. यात बिघाड काही नाही. कॉम्प्युटर आकडे शून्य आणि एक एवढ्यांतच साठवतो आणि त्या पद्धतीत एकदशांश पुरता लिहून संपत नाही, जसा आपल्या दशमान पद्धतीत एकतृतीयांश ०.३३३ करत कधी संपत नाही. एका बेरजेत फरक कळत नाही. हजारो ओळींनंतर मात्र एखादा पैसा इकडचा तिकडं होऊ शकतो, आणि दोन आकडे जुळतात का असं विचारलं तर ‘नाही’ येतं. त्यावरचा साधा उपाय म्हणजे सगळा हिशेब पैशांत, पूर्ण आकड्यांत करायचा आणि छापतानाच त्याचे रुपये करायचे.

## “पण हे सगळं एआय करून देतो ना?”

देतो, आणि चांगलं करून देतो. वरच्या पट्टीचं वर्णन मराठीत लिहून दिलं तर मिनिटाभरात चालणारी स्क्रिप्ट मिळते. हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण त्याला सांगितलं, ‘बारदान वजा करून हिशेब कर’, तर त्या २०० ग्रॅमांचं तो काय करेल? काहीतरी करेलच. कदाचित दशांश चिन्हापुढचे दोन आकडे ठेवेल, कदाचित जवळच्या किलोवर आणेल. आपल्याला विचारेलच असं नाही. कोड चालेल, एकही चूक दाखवणार नाही, चाळीस पट्ट्या सुबक छापून निघतील. त्या बरोबर आहेत की नाहीत हे ठरवायला ती ओळ कुणीतरी वाचली पाहिजे. दुकानाची रीत माहीत असलेला माणूसच ते करू शकतो, आणि त्याला कोड वाचता येत नसेल तर त्याच्या माहितीचा उपयोग शून्य.

म्हणून मी म्हणतो की एआयनं शिकण्याची गरज संपवली नाही, शिकायचा भाग हलका केला. पूर्वी पान कोरं असायचं. कंस कुठं, स्वल्पविराम कुठं यातच महिना जायचा आणि निम्मी माणसं तिथंच सोडून द्यायची. आता मसुदा समोर तयार असतो. तो ओळीओळीनं वाचायचा, अडलं तिथं ‘ही ओळ काय करते?’ असं त्यालाच विचारायचं, आणि नियम आपल्या रीतीप्रमाणे दुरुस्त करायचा. मोडी लिहिता न येणारा माणूससुद्धा सरावानं जुना दस्त वाचायला शिकतो. वाचणं लिहिण्याच्या मानानं लवकर येतं.

एक पथ्य मात्र कडक पाळा. एआयला विचारताना शेतकऱ्यांची खरी नावं, बँक खाती, मोबाइल नंबर त्यात चिकटवू नका. चार ओळी खोट्या नावांच्या बनवा आणि त्यावर विचारा. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालेला आहे. तो नसता तरी लोकांनी हिशेबासाठी दिलेली माहिती परक्याच्या हाती सोपवणं बरोबर नाही.

## “त्यापेक्षा तयार सॉफ्टवेअर घेतलेलं बरं”

अकाउंटिंग, जीएसटी, पगार ही कामं हजारो ठिकाणी सारखीच असतात. त्यासाठी तयार सॉफ्टवेअरच घ्यावं. जीएसटीचं विवरणपत्र काढायला घरी प्रोग्राम लिहिणाऱ्याला मी तरी शहाणा म्हणणार नाही. कायदा बदलला की बदलत बसण्याची जबाबदारी उगाच गळ्यात पडते.

स्क्रिप्टची जागा दोन सॉफ्टवेअरच्या मधल्या फटीत असते. काट्याचं मशीन एका प्रकारची फाइल देतं, हिशेबाच्या सॉफ्टवेअरला दुसऱ्या प्रकारची लागते, आणि मध्ये एक माणूस बसून इकडचं तिकडं टाइप करतो. व्यापाऱ्याची बेदाण्याची यादी १५ किलोच्या बॉक्सच्या संख्येत असते, कोल्ड स्टोरेजची पावती किलोत, बँकेला स्टॉक दाखवायचा टनांत. ही फट विक्रेत्याला भरून मागितली तर ‘तो वेगळा चार्ज लागेल’ असं उत्तर येतं, आणि आपल्या एका दुकानासाठी त्यानं ते करावं अशी अपेक्षाही फारशी रास्त नाही. वीस ओळींचं काम असतं. ते आपणच केलेलं बरं.

## “आम्हाला इंग्रजी येत नाही, गणितही कच्चं”

गणिताचं सोडून द्या. पट्टीला बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार यापलीकडं काय लागलं? ‘असं असेल तर असं कर’ एवढा विचार करता आला की पुरे, आणि तो संसार करणाऱ्या प्रत्येकाला येतो.

इंग्रजीची अडचण खरी आहे. पण भाषेतले ठरावीक शब्द मोजकेच, तीसपस्तीस, आणि रोज लागतात ते त्यातले दहाबारा. बाकी नावं आपली आपण द्यायची असतात. २००८ साली आलेल्या पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून ती नावं देवनागरीतही चालतात. ‘निव्वळ_वजन’, ‘हमाली’, ‘उचल’ अशी नावं दिलेली स्क्रिप्ट थोरल्या दिवाणजींपुढं ठेवली, तर त्यांनाही निम्मी वाचता येते. पट्टाईत प्रोग्रामर नाक मुरडतील. मुरडू देत.

ऐकून शिकायचं असेल तर मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिबरऑफिस कॅल्कसारख्या विषयांचे मराठी धडे फुकट आहेत. लिबरऑफिसही फुकट आहे.

## “यानं माणसांचं काम जाईल”

काही ठिकाणी जाईल. गोड बोलून हे झाकण्यात अर्थ नाही. दिवसभर फक्त इकडचं तिकडं टाइप करण्यासाठी ठेवलेलं माणूस मालकाला नकोसं होणार, मग प्रोग्राम कुणीही लिहो. पण तो प्रोग्राम बाहेरून आला, तर त्या टेबलावरचा माणूस बाजूला पडतो. त्याच टेबलावर लिहिला गेला, तर ज्यानं लिहिला त्याच्यावाचून दुकानाचं चालत नाही. कुठल्या बाजूला असावं, हे सांगायला नको.

## गप्प बसलेला प्रोग्राम

आता धोका. हा भाग उत्साहाच्या भरात सगळे गाळतात.

हातानं काम करणारा माणूस थकला की चिडतो, आजारी पडला की रजा टाकतो. आपल्याला कळतं. स्क्रिप्ट बंद पडली तर अनेकदा कळतच नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी रोजच्या आकड्यांत आल्याच नव्हत्या, असं उघड झालं. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती आपोआप एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलीत भरली जात होती. त्या प्रकारात एका पानावर ६५,५३६ ओळींपेक्षा जास्त मावत नाहीत. मर्यादा भरली, पुढच्या नोंदी गळाल्या आणि त्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांना गाठायला उशीर झाला.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. पावसाळ्यात सांगलीकर सकाळी उठल्यावर आधी कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती हे बघतात. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं सगळ्यांनी भोगलंय. समजा गावभागातल्या एखाद्या दुकानदारानं स्क्रिप्ट लिहिली की दर तासाला जाहीर झालेली पातळी वाचायची आणि ३८ फूट झाली की फोनवर मेसेज टाकायचा, म्हणजे माल माळ्यावर चढवायला वेळ मिळेल. कल्पना झकास आहे. पण रात्रभर मेसेज आला नाही याचा अर्थ काय? पाणी कमी आहे, का वेबसाइटचं पान बदलल्यामुळं स्क्रिप्टला आकडाच सापडत नाही, का वीज गेल्यावर राउटर बंद पडलाय? तिन्हींत फोन सारखाच गप्प.

म्हणून अशी स्क्रिप्ट संकटातच बोलणारी नसावी. ‘सकाळी सात, पातळी २१ फूट, मी चालू आहे’ असा मेसेज तिनं रोज टाकावा. तो आला नाही की समजायचं, आधी तिच्याकडं बघायला हवं. आकडा सापडला नाही तर तिनं शून्य धरून पुढं जाऊ नये, थांबावं आणि तसं सांगावं. पट्ट्यांचंही तेच. फाइलमध्ये किती ओळी आल्या, किती पट्ट्या निघाल्या, दोन्हीकडचं एकूण वजन जुळतं का, हे तीन आकडे शेवटी छापलेच पाहिजेत. जुने दिवाणजी वहीत तळाला मेळ घालायचे, तो हाच. आणि पुराच्या बाबतीत अशा घरगुती मेसेजवर विसंबून प्रशासनाच्या सूचनेकडं दुर्लक्ष करायचं नाही, हे वेगळं सांगत नाही.

## सुरुवात कुठून करायची

कोर्स लावण्याआधी एक आठवडा नुसतं बघा. कुठलं काम रोज तेच आहे, कुठं कॉपी-पेस्ट चाललंय, कुठली चूक वारंवार होते. त्यातलं एकच निवडा, आणि तेही सगळ्यात कटकटीचं नको. त्याच्या पायऱ्या साध्या मराठीत कागदावर लिहा. निम्मं काम तिथंच होतं.

मग जे हाताशी आहे ते वापरा. कॉम्प्युटरवरच्या एक्सेलमध्ये मॅक्रो रेकॉर्ड करायची सोय असते. आपण केलेल्या क्रिया ते टिपून ठेवतं आणि पुन्हा करून दाखवतं. टिपलेला कोड उघडून वाचा, शिकण्याची ही सर्वांत स्वस्त शाळा. गूगल शीट्स वापरत असाल तर तिच्यातच ॲप्स स्क्रिप्ट ही स्क्रिप्ट लिहायची सोय मिळते. त्यात लिहिलेली स्क्रिप्ट ठरलेल्या वेळी आपोआप चालवता येते, आपला कॉम्प्युटर बंद असला तरी. साध्या खात्याला सध्या एका वेळी सहा मिनिटं आणि दिवसाला शंभर जणांना ईमेल एवढी मर्यादा आहे, छोट्या दुकानाला ती पुरून उरते. फाइली मोठ्या आणि तऱ्हेतऱ्हेच्या असतील तेव्हा पायथॉनकडं वळावं.

मूळ फाइलीवर स्क्रिप्ट कधी चालवू नका, नेहमी प्रतीवर. सुरुवातीचा एक हंगाम हातानं आणि स्क्रिप्टनं, दोन्ही पट्ट्या करा आणि ताडा. फरक निघतील. काही स्क्रिप्टचे असतील, काही हाताचे निघतील तेव्हा दुकानात थोडी शांतता पसरेल. पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवू नका, कारण ती फाइल उद्या कुणाला तरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवाल. सरकारी पोर्टलवर चित्रातली अक्षरं ओळखायला सांगतात, ती यंत्रानं आत येऊ नये म्हणूनच असतात. ती चुकवून आपोआप फॉर्म भरण्याच्या फंदात पडू नका. माहिती भरायला सोपी जाईल अशी यादी तयार करून घेण्यापर्यंतच स्क्रिप्टची मदत घ्या.

आणि स्क्रिप्टच्या डोक्यावर चार ओळी मराठीत लिहून ठेवा: ही काय करते, कुठली फाइल लागते, बारदानाचा आणि ग्रॅमचा नियम कुणी ठरवला, कधी ठरवला. पुढच्या हंगामात हमाली वाढली की ती फाइल उघडणारे तुम्हीच असाल, किंवा तुमच्या जागी आलेला कुणी.